‘पत्रास कारण की’ ते ‘जेंटल रिमाइंडर’

विषय जाहीर झाल्यापासून लोक आम्हाला आपापली नावडती वाक्यं पाठवतायत. आत्ता जिना चढताना एका बाईंनी थांबवून सांगितलं, ‘‘ ‘ॲज पर माय लास्ट मेल’ विसरू नका हं.’’ विसरलेलो नाही. ‘होप धिस मेल फाइंड्स यू वेल’ आहे, ‘काइंडली रिव्हर्ट’ आहे, ‘प्लीज डू द नीडफुल’ आहे, ‘लूपिंग इन’ आहे, आणि सगळ्यांचा लाडका ‘जेंटल रिमाइंडर’ आहे. या वाक्यांवर हसणं सोपं आहे. ऑफिसात डबा खाताना आपण सगळे तेच करतो आणि जेवून जागेवर गेलो की तीच वाक्यं टाइप करतो. आम्हीही केली. बावीस वर्षं लेखा खात्यात काढली, तेव्हा किती ‘नोटेड’ लिहिले असतील याचा हिशेब आमच्याच खात्याला लागायचा नाही.

म्हणून आज यादी वाचायची नाही. एक साधा प्रश्न विचारायचा आहे : ही वाक्यं चिडवतात का? ‘ठरलेली असतात म्हणून’ हे नेहमीचं उत्तर. ते आम्हाला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

मराठी पत्रासारखी ठरलेल्या वाक्यांनी ठासून भरलेली चीज दुसरी नसेल. जुने मोडी कागद बघा. कोणाला कसं लिहावं, कोणाला कोणता मायना, शेवट कसा करावा, याचे नमुने दिलेली मेस्तकं कारकुनाच्या हाताशी असत. राजमान्य राजश्री कोणाला, नुसतं राजश्री कोणाला, नमस्कार कोणाला आणि आशीर्वाद कोणाला, सगळं ठरलेलं. अर्ध्या कागदात मायना, तळाशी ‘बहुत काय लिहिणे’, आणि मधे चार ओळींचा मजकूर. अगदी आपल्या घरातलं आंतर्देशीय घ्या. ‘तीर्थस्वरूप दादांस बालके’ इथून सुरुवात, ‘इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील क्षेम कळवावे’, आणि मग ‘पत्रास कारण की’. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. घरोघरी, वर्षानुवर्षं हीच वाक्यं. कोणी चिडलं? उलट आज कपाटात असं पत्र सापडलं तर आपण ते उभ्या उभ्या दोनदा वाचतो.

आता ‘पत्रास कारण की’ हे काय करतं ते बघा. क्षेमकुशल झालं, आता कामाचं ऐका, असं ते उघड सांगतं. त्यानंतर थाप असेल, पैशांची मागणी असेल, मुलगी पाहायला येण्याचं निमंत्रण असेल. पण कारण तिथे असतं. वाचणाऱ्याची नजर थेट तिथे जाते. ठरलेलं वाक्य इथे रस्त्यावरच्या पाटीसारखं काम करतं. पाटी रोज तीच असते म्हणून कोणी पाटीवर चिडत नाही.

मायना त्याहून उघडं काम करायचा. लिहिणारा कुठे उभा आहे आणि वाचणारा कुठे, हे पहिल्या ओळीत मांडायचा. यात गोड काही नव्हतं, हे लगेच सांगून टाकतो. कोणी नमस्कार लिहायचा, कोणी रामराम, कोणी दंडवत आणि कोणी जोहार, हे जातीवरून ठरत होतं. बाईच्या नावामागे ‘सौ.’ की ‘गं. भा.’ यावरून तिचा नवरा जिवंत आहे की नाही, हे पोस्टमनला कळत होतं. ती शिडी आपल्याला परत नको आहे. पण शिडी आहे हे त्या भाषेनं लपवलं नाही. ऑफिसात आपण काय केलं? मायना काढून टाकला. सगळे एकमेकांना नावानं ‘हाय’ म्हणू लागले. शिडी मात्र जागच्या जागी आहे. पगार कोण वाढवणार आणि कोणाचा कापला जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. जे उघड म्हणायचं नाही ते मग या गुळगुळीत वाक्यांच्या पोटात जाऊन बसतं.

‘जेंटल रिमाइंडर’ घ्या. आठवण करून देणं यात काही गैर नाही. सरकारी कचेरीत यासाठी सरळ शब्द आहे, स्मरणपत्र. आणि त्यावर क्रमांक असतो. स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन. तिसऱ्यालाही उत्तर नाही आलं तर साहेब अर्धशासकीय पत्र पाठवतात. त्यात ‘प्रिय श्री.’ म्हणून नावानं हाक असते आणि खाली स्वतःची सही असते. ज्याच्या टेबलावर ते पडतं त्याला कळतं की आता प्रकरण खात्याकडून माणसाकडे आलं. आम्ही सरकारी मराठीचे भक्त नाही, त्यावर येतोच. पण या चढणीत एक प्रामाणिकपणा आहे. ‘जेंटल’ला चढणच नाही. पहिलाही जेंटल, पाचवाही जेंटल. पाचव्या वेळी लिहिणाऱ्याचा जबडा आवळलेला असतो, आणि ते आपल्याला इकडे बसून ऐकू येतं. (हशा) हसताय, म्हणजे पाठवलाय तुम्ही. तो शब्द मऊपणाचा दावा करतो आणि त्याच वेळी टोचतो. टोचलं म्हणून तक्रार करावी तर ‘अहो, जेंटल लिहिलं होतं की’ हे उत्तर तयार.

तसंच ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’. याचं मराठी ‘आगाऊ धन्यवाद’ असं होतं आणि मराठीनं इथे नकळत निकाल देऊन टाकला आहे. धन्यवाद खरोखरच आगाऊ आहेत. अजून मी होकार दिलेला नाही, तुम्ही आभार मानून मोकळे. आता नाही म्हणायचं तर मीच कृतघ्न.

या वाक्यांचे मराठी अवतार तर बघवत नाहीत. ‘मला आशा आहे की हा मेल आपणास सुखरूप सापडेल.’ जणू जत्रेत मूल हरवलंय. (हशा) आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘कृपया’. बोलताना आपण कधी ‘कृपया’ म्हणतो का हो? रेल्वे स्टेशनवरची घोषणा सोडली तर मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द नाही. आपलं आर्जव क्रियापदात असतं. ‘द्याल का’, ‘बघता का जरा’, ‘तेवढं आज करून टाका ना’. त्या ‘जरा’मध्ये आणि ‘तेवढं’मध्ये जी विनंती आहे ती ‘कृपया सदर बाब तपासून अभिप्राय कळवावेत’मध्ये औषधालासुद्धा नाही.

सरकारी मराठीवर येतो म्हणालो होतो. १९६० साली राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय झालं, आणि कारभार मराठीत आणायचं मोठं काम सुरू झालं. ते आवश्यक होतं. पण फायलींवरचे इंग्रजी शेरे समोर होतेच, आणि ‘प्रशासन वाक्प्रयोग’सारख्या पुस्तकांतून त्यांना जोडीचे मराठी शेरे दिले गेले. म्हणून ‘फॉर नेसेसरी ॲक्शन’ आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचा गुण एकच : कर्ता गायब. ‘कार्यवाही करण्यात यावी.’ कोणी? योग्य ती. म्हणजे कोणती? जाता जाता, कार्यवाही आणि कारवाई यांत फरक आहे. कार्यवाही म्हणजे पुढचं काम, कारवाई म्हणजे दंडुका. निम्म्या कचेऱ्यांत एकाच्या जागी दुसरा शब्द पडतो आणि अर्जदाराच्या पोटात गोळा येतो.

इथवर आम्ही जे म्हणालो ते नवं नाही असं कोणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. इंग्रजीत जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ साली तयार वाक्यांवर निबंध लिहिला. १९४८ मध्ये अर्नेस्ट गॉवर्सनं ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून अधिकाऱ्यांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ लिहिलं. दोघांचा राग आळसावर आणि फुगीरपणावर. विचार करायचा कंटाळा म्हणून माणूस तयार तुकडे जोडतो. तर विचार करा, वाचणाऱ्याला समोर ठेवा, सोपं लिहा. उत्तम सल्ला. पण या सल्ल्यात एक गृहीत आहे, की लिहिणारा एक आणि वाचणारा एक. ऑफिसच्या मेलमध्ये तसं नसतं. ‘टू’मध्ये एक जण असतो आणि ‘सीसी’मध्ये नऊ.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. ज्यांनी टाइपरायटर पाहिलाय त्यांना आठवेल, दोन कागदांच्या मधे काळा कार्बन. तिसरी प्रत पुसट, पाचवी तर देवाच्या हवाली. शिवाय एक अक्षर चुकलं की प्रत्येक प्रतीवर खोडायचं. त्यामुळे प्रत कोणाला पाठवायची याचा विचार करावा लागे. मेलमध्ये नववी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ आणि तितकीच फुकट. मग साहेब असू देत, साहेबांचे साहेब असू देत, ऑडिटवाले असू देत. आणि एकदा ते बसले की मेलची भाषा बदलते, कारण ती आता समोरच्यासाठी नसते, गॅलरीसाठी असते. ‘ॲज पर माय लास्ट मेल’ हे ज्याला लिहिलंय त्याला ठाऊकच आहे की आधी मेल आला होता. ते वाक्य सीसीतल्या साहेबांना सांगतं : मी माझं काम केलं होतं बरं का, अडलंय ते याच्याकडे. ‘लूपिंग इन अमुक’ म्हणजे हे लचांड आता त्याच्या गळ्यात. ‘नोटेड’ म्हणजे वाचलं याची नोंद घ्या, करीन असं म्हटलेलं नाही.

आमचं म्हणणं इतकंच आहे. ही वाक्यं आळसातून येत नाहीत. ती फार जागरूकपणे येतात, कातडी वाचवायला. आणि आपण चिडतो ते वाक्य शिळं आहे म्हणून नाही. आपल्याशी बोलल्याचं सोंग करून माणूस आपल्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलतोय, म्हणून.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या कंपनीत, नाव राहू दे, एक फिटर मे महिन्यात निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी यायची होती. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती तीस दिवसांत द्यायला हवी. सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार असा हिशेब असतो, म्हणून वर्षं नेमकी किती हे महत्त्वाचं. इथे घोळ होता. आमच्या एका नोंदीत रुजू तारीख १९८९ मधली, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदात १९९० मधली. बस, एवढंच. त्यावर मेल सुरू झाले ते नोव्हेंबरपर्यंत चालले. एकूण सोळा. ती साखळी आम्ही नंतर छापून घेतली होती आणि अधूनमधून काढून वाचतो, म्हणून आकडा पक्का सांगतोय.

पहिला मेल बरा आहे, तारखा जुळत नाहीत असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्यात ‘प्लीज ॲडव्हाइज’. तिसऱ्यात दोन माणसं लूपमध्ये आली. चौथा ‘जेंटल रिमाइंडर’. पाचव्यात ‘ॲज डिस्कस्ड’, पण काय बोलणं झालं ते नाही. सातवा आमचा आहे. वाचून दाखवतो, फार वेळ लागणार नाही : ‘नोटेड. शॅल चेक अँड रिव्हर्ट.’ सीसीत आमचे साहेब होते. त्यांनी वाचलं, म्हणजे त्या दिवसापुरती आमची बाजू सुरक्षित झाली, आणि जुनं रजिस्टर गोदामातून काढायला आम्ही पाच आठवडे लावले. खोटं आम्ही काही लिहिलं नव्हतं. बघू म्हणालो होतो, पाच आठवड्यांनी बघितलं. मुद्दा हाच आहे की त्या वाक्यात पकडण्यासारखं काहीच नव्हतं. ‘गुरुवारी रजिस्टर बघून सांगतो’ असं लिहिलं असतं तर शुक्रवारी कोणीतरी विचारलं असतं.

रजिस्टरही कुरतडलेलं निघालं, त्यातून काही सिद्ध होईना. मग नववा, दहावा. अकरावा मेल वेगळा आहे. तो त्या फिटरांचा आहे, मुलीनं तिच्या मेलवरून पाठवलेला, मराठीत. तीन ओळी. साहेब, माझे ग्रॅच्युइटीचे पैसे अजून मिळाले नाहीत, कोणता कागद कमी आहे ते सांगा, मी आणून देतो, कोणाला भेटू? त्याला होप धिस मेल नाही, काइंडली नाही. सोळा मेलमधलं एकमेव असं पत्र, ज्यात खरा प्रश्न आहे आणि ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. तो मेल पुढे पाठवला गेला. वर एक ओळ होती : ‘एफवायआय, प्लीज डू द नीडफुल.’ उत्तर त्यांना कोणी दिलं नाही. देणं कोणाचं काम आहे हे कोणी म्हटलंच नव्हतं.

प्रश्न सुटला तो फाटकावर. गृहस्थ दर मंगळवारी यायचे. टाइम ऑफिसच्या कारकुनानं चहा पिता पिता विचारलं, ‘‘मामा, पहिलं नेमणूकपत्र आहे का हो तुमच्याकडे?’’ ते म्हणाले, ‘‘आहे की, ट्रंकेत आहे.’’ दुसऱ्या दिवशी घेऊन आले. तारीख १९८९ ची. पाच महिने जो कागद आम्ही एकमेकांच्या मेलमध्ये शोधत होतो, तो कोणता ते त्या माणसानं स्वतःहून विचारलं होतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर आमच्याकडून अन्याय होईल. ‘डू द नीडफुल’ आणि ‘रिव्हर्ट’ यांची टिंगल सगळ्यात जास्त होते. ती चुकीची इंग्रजी आहे म्हणून, बाबू इंग्रजी म्हणून. खरं तर ‘डू द नीडफुल’ एके काळी इंग्लंडमध्येही सर्रास चालायचं. तिकडे ते जुनं झालं, आपल्याकडच्या कचेऱ्यांत टिकलं. ही वाक्यं कोण लिहितं? बरेचदा तो मुलगा किंवा ती मुलगी, जी तालुक्याच्या गावात मराठी शाळेत शिकली, पहिला इंग्रजी मेल नोकरी लागल्यावर लिहिला, आणि शेजारच्या टेबलावरच्या सीनियरचा मेल समोर ठेवून लिहिला. तिच्या दृष्टीनं हे वाक्य म्हणजे निसरड्या वाटेवरची काठी आहे. ती काठी काढून घेऊन हसण्यात काय पुरुषार्थ? आणि ज्यांची इंग्रजी सफाईदार आहे त्यांच्या ‘जस्ट सर्कलिंग बॅक’ला, ‘हॅपी टु कनेक्ट ऑफलाइन’ला कोणी हसत नाही. खरं नुकसान तिथे आहे. काठी टेकणाऱ्याला निदान कुठे जायचंय ते ठाऊक असतं. सफाईदारवाल्याला कुठेच पोचायचं नसतं, आणि ते त्याला फार छान जमतं.

आमच्या साखळीत ‘डू द नीडफुल’ लिहिणारा मुलगा नवा होता. मराठी मेल आल्यावर नेमकं काय करावं हे त्याला कळलं नव्हतं, एवढाच त्याचा दोष. सातवा मेल लिहिणाऱ्याला सगळं कळत होतं.

सभेतून मघाशी चिठ्ठी आलीये, की आता तर मेल मशीनच लिहितं, मग हे सगळं कशाला? जीमेलनं २०१८ मध्ये आपलं वाक्य आपल्यासाठी पुरं करायला सुरुवात केली, आणि आता दोन शब्द दिले की अख्खा मेल तयार होतो, जेंटल आणि काइंडलीसकट. इकडे वाचणाराही मशीनला सांगतो, सारांश दे. म्हणजे एकाच्या मशीननं फुगवायचं आणि दुसऱ्याच्या मशीननं चपटं करायचं. गंमत आहे, आम्हाला त्याचं फार दुःख नाही. पण सारांश काढणाऱ्या मशीनला सातवा मेल दिला तर ते काय काढेल? त्यात काढण्यासारखं काय होतं?

दुसरी चिठ्ठी : मग लिहायचं तरी काय? आम्ही निवृत्त होण्याआधी शेवटची दोन वर्षं एक खटपट करून पाहिली. कामाच्या मेलमध्ये कोण, काय आणि कोणत्या तारखेला, हे तीन शब्द आले नाहीत तर तो पाठवायचा नाही. आणि सीसीतल्या प्रत्येक नावापुढे मनात म्हणायचं, ‘याला कशासाठी?’ मेल निम्म्यावर आले. काही जण दुखावले, ‘आम्हाला सीसीतून काढलं’ म्हणून. एक साहेब तर महिनाभर बोलत नव्हते. तेव्हा या उपायाला किंमत आहे, ती मोजायची तयारी हवी. ‘रामराम साहेब’ने सुरुवात केली तरी आमची हरकत नाही, खाली काम असलं म्हणजे झालं.

ती साखळी अजून घरी आहे म्हणालो. तिचा सोळावा मेल नोव्हेंबरचा आहे, पैसे दिले गेल्यानंतरचा. मजकूर असा : ‘धिस स्टँड्स क्लोज्ड. थँक्स ऑल फॉर द सपोर्ट.’ सीसीत अकरा नावं आहेत. आमचं आहे, आमच्या साहेबांचं आहे, ऑडिटचे दोघे आहेत. टाइम ऑफिसचा कारकून नाही. फिटरांच्या मुलीचा पत्ता नाही. पैसे जमा झाल्याचं त्यांना बँकेच्या मेसेजवरून कळलं.